पेल्याच्या काठावरून एकदा

वस्तादांच्या हाताला जी धार होती तशी आसपासच्या चार बाजारांत कुणाच्या हाताला नव्हती, असं सगळे म्हणायचे. सगळे चुकत होते. धार वस्तादांच्या बायकोच्या हाताची होती. हे पुरतं ठाऊक असलेली माणसं दोनच, वस्ताद आणि ती. मुलाला अर्धं ठाऊक होतं, पण ते अर्धंही तो सोयीनं विसरला होता. राहता राहिला देव. देवाला सगळं दिसतं, पण तो कुणाच्या दारात साक्ष द्यायला येत नाही.

लोक तिला वस्तादीण म्हणायचे. गंमत म्हणून पडलेलं नाव. गमतीत लोक खरं बोलून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो.

तिचा बाप धारवाला. पायानं फिरवायचं चाक खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचा. मुलगा नव्हता म्हणून त्यानं लेकीला शिकवलं. तो म्हणायचा, "चाकावर सुरी होते, पोरी. वस्तरा दगडावरच होतो. चाकाला घाई असते." त्याच्याकडे तीन दगड होते: एक खरबरीत, एक मधला आणि एक काळा, तेलकट, बाळाच्या गालासारखा. लग्नात त्यानं तिला तो काळा दगड दिला. सासरच्या बायका हसल्या. "सोनंनाणं राहिलं बाजूला, धोंडा घेऊन आली," म्हणाल्या.

लग्नाला महिना झाला असेल. वस्ताद तेव्हा नुसते कारागीर होते, दुसऱ्याच्या दुकानात उभे राहायचे. त्यांनी घरी आणलेला वस्तरा तिनं उजेडात धरला आणि बोलून गेली, "याची धार वाकडी आहे."

"मग कर सरळ," ते म्हणाले. शहाणी समजते काय स्वतःला, असा सूर होता.

तिनं केली. दुसऱ्या दिवशी दाढी करून घेता घेता गिऱ्हाइकं खुर्चीत झोपी गेली. संध्याकाळी वस्ताद घरी आले. शाबासकी राहिली बाजूला, दार लावून घेत ते म्हणाले, "हे बाहेर बोललीस तर याद राख. बायको धार लावते म्हटल्यावर माझ्यापुढे मान कोण करील?"

ती बोलली नाही. त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. दोन खुर्च्यांचा मोठा आरसा आला, "वस्ताद" हे नाव आलं. रोज दुपारी दुकान बंद झालं की चार-पाच वस्तरे रुमालात गुंडाळून घरी यायचे. मागच्या पायरीवर बसून ती दगड ओला करायची, मनात देवाचं नाव घ्यायची आणि कामाला लागायची. चाळीस वर्षांत एक दुपार चुकली नसेल. खरं तर चुकली. ते पुढे येईलच.

वस्तरा झाला की वस्ताद तपासायचे. कारागीर आपल्या हातावरची लव काढून धार बघतो, ही सगळीकडचीच रीत. वस्ताद तिच्या हातावर बघायचे. "बाही वर कर," म्हणायचे. डाव्या हातावरून पातं फिरवायचे. लव अलगद उडाली तर वस्तरा मिटून निघून जायचे. कुठे अडखळली तर पातं जरा तिरकं करायचे. एवढंच, जरासं. रक्ताची बारीक रेघ उमटायची. "तुझ्या हातची, तुझ्याच हातावर," म्हणायचे. हसतच म्हणायचे. त्यांना तो विनोद वाटायचा, आणि विनोद चाळीस वर्षं चालला. तिच्या डाव्या हाताला लव उरली नाही. पोरांच्या वहीवर आखलेल्या असतात तशा पांढऱ्या रेघा तेवढ्या राहिल्या.

आता ती चुकलेली दुपार. तिचा बाप अंथरुणाला खिळला म्हणून ती पंधरा दिवस माहेरी गेली. बाप गेला, तेव्हाच परत आली, त्याचे उरलेले दोन दगड घेऊन. मधल्या काळात वस्तादांनी आपला सगळ्यात लाडका वस्तरा स्वतः दगडावर घासला. त्यांच्या गुरूनं दिलेला, शिंगाच्या मुठीचा. ते जोर सगळा टाचेकडे, म्हणजे मुठीजवळच्या भागावर द्यायचे. पात्याची टाच झिजली, मधला भाग आत गेला, पाठ एका बाजूनं सपाट झाली. त्याच वस्तऱ्यानं एका गिऱ्हाइकाचा गाल कापला गेला. दुकानात चार माणसं होती. वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरात बाईचा हात लागला हो वस्तऱ्याला. म्हणून बिघडला."

चाळीस वर्षांत लोकांसमोर तिच्या हाताचं नाव निघालं ते एवढंच.

ती बापाचं सगळं आटोपून आली त्या संध्याकाळी त्यांनी बाही वर करायला सांगितली. त्या दिवशी तपासायला काही नव्हतं. सगळ्यात लांब रेघ ती. वस्तरा पत्र्याच्या डब्यात गेला आणि डबा माळ्यावर. पुढे मोडून फेकायची पाती आली, मुलानं दुकान हातात घेतलं, दगडांचं काम सुटलं. दुकानावरच्या पाटीवर मात्र अजून होतं, "वस्तादांची धार."

गेल्या वर्षी वस्तादांची उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, डोकं शाबूत राहिलं. हात मात्र कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा मांडीवर पडून असायचा, चिमटा काढला तरी कळायचं नाही. दाढी मुलगा करायचा, दुकानाला जाता जाता, घाईत, फेकायच्या पात्यानं. गालावर पुरळ उठायचं.

दर रविवारी दहाला दोन मित्र येत. एक हेडमास्तर, निवृत्त. दुसरे शिंपीबुवा, ज्यांनी अजून कात्री खाली ठेवली नव्हती. दोघांची आयुष्यभराची दाढी वस्तादांच्या खुर्चीत झालेली.

"वस्ताद, हे काय?" हेडमास्तर म्हणाले. "दाढी केलीय का कोंबडं सोललंय?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," शिंपीबुवा म्हणाले.

वस्तादांनी मान फिरवली. मित्र गेल्यावर बायकोला म्हणाले, "माळ्यावरचा माझा वस्तरा काढ. नीट कर. रोज त्यानंच करायची."

ती स्टुलावर चढली आणि डबा उतरवला. वस्तरा उघडला तेव्हा बिजागरी कुरकुरली आणि गंजाची पूड तिच्या तळहातावर पडली. मूठ तडकलेली, पातं डागाळलेलं. पण धारेची ती आत गेलेली कमान बघून तिनं लगेच ओळखलं. कागदावरची सही ओळखावी तसं. हा त्यांचा हात.

तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं. हा वस्तरा ती असा करील की त्यांना बोलावंच लागेल. एकदाच. हेडमास्तर आणि शिंपीबुवांसमोर. "धार हिची आहे," एवढे तीन शब्द. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिला दुसरं काही नको होतं. देवाकडेही तिनं दुसरं काही मागितलं नाही.

दोन दिवस तिनं पातं रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणि तेल घेऊन गंज काढायला बसली. हळूहळू, पाठीकडून धारेकडे, बोट कधी धारेच्या पुढे न नेता. गंज निघाला, पण खाली सुईनं टोचल्यासारखे खड्डे होते. ते राहू दिले. बाप म्हणायचा, पात्याच्या पोटावरचा डाग कुणाचा गाल कापत नाही, धारेवरचा कापतो. तडकलेली शिंगाची मूठ काढून तिनं जुन्या लाकडी फणीच्या पट्टीची मूठ घासून बसवली, पितळी तारेची खीळ केली, हातोडीनं टिचकीएवढे ठोके देत दोन्ही बाजूंनी फुलवली. पातं आता मधोमध बसत होतं.

मग दगड. पाठ एका बाजूनं जास्त झिजलेली, त्यामुळे पातं दगडावर डुगडुगायचं. तिनं पाठीला पातळ चिकटपट्टी लावली. धारेला काजळाचं बोट फिरवलं आणि पातं खरबरीत दगडावरून एकदा नेलं. टाच आणि टोक पुसलं गेलं, मधलं काजळ तसंच राहिलं. म्हणजे मधे दगड पोचतच नव्हता. ते काजळ पुसलं जाईपर्यंत तिला पाच दुपारी लागल्या. टोकाकडे तिरकं नेत जायचं, पाठीवर उलटायचं, परत आणायचं. जोर शून्य. पाणी काळं झालं की नवीन. मग मधला दगड. मग बापाचा काळा दगड, ज्यावर पातं फिरताना आवाज येत नाही, नुसता श्वास सोडल्यासारखं होतं. शेवटी चामोटी, म्हणजे धार गुळगुळीत करायची चामड्याची पट्टी. ती तिनं खिडकीच्या गजाला बांधली. दगडावर धार पुढे जाते, चामोटीवर पाठ पुढे. चुकून उलट गेली तर चामोटीचे दोन तुकडे.

डाव्या हातावर बघायला लव नव्हती. तिनं डोक्यातला एक पांढरा केस उपटून चिमटीत धरला आणि त्यावर पातं टेकवलं. केसाचा खालचा तुकडा कधी पडला तिला कळलंही नाही.

सकाळी तिनं त्यांच्या गळ्याभोवती पंचा बांधला, चिनीमातीच्या पेल्यात साबण फेसला आणि पहिला हात फिरवला. वस्तादांनी डोळे मिटले. दुसरा गाल होईपर्यंत ते घोरायला लागले होते. चाळीस वर्षं त्यांची गिऱ्हाइकं जशी झोपली तसे. तिनं पंचा काढला, तोंड पुसलं. बरं वाटलं तिला. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

रविवारी मित्र आले. शिंपीबुवांनी दोन बोटं वस्तादांच्या गालावरून फिरवली. "अरे वा! रेशीम आहे हो, रेशीम. आता माझी नजर काही खोटं सांगत नाही. ही जुनी धार."

"कोणी लावली?" हेडमास्तरांनी विचारलं. "मुलाला तर येत नाही."

दारात चहाचे कप घेऊन वस्तादीण उभी होती. वस्तादांनी तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं.

"मी," ते म्हणाले. "डाव्या हातानं. धार हातात नसते मास्तर, मनात असते."

"वहिनींची मदत झाली असेल थोडी."

"हिची?" वस्ताद अर्ध्या तोंडानं हसले. "हिची भाजीची सुरी बघा एकदा. पिकलं टमाटं चिरत नाही. ही नुसती पाणी आणून देते."

दोघं मनमुराद हसले. तिनं कप खाली ठेवले. एकही सांडला नाही.

सोमवारी सकाळी साबण फेसून झाल्यावर तिनं वस्तरा उघडला आणि पेल्याच्या काठावरून एकदा ओढला. हळूच. कुणालाही वाटावं, फेस निपटतेय. चिनीमातीचा काठ कडक असतो, इतक्या दिवसांची मेहनत तिथल्या तिथे जाते. मग पहिला हात फिरवला.

वस्तादांनी डोळे मिटले नाहीत. केस कापला जात नव्हता, ओढला जात होता. मुळापासून. डोळ्यांत पाणी आलं.

"लागतंय," ते म्हणाले.

"तुमचीच धार आहे," ती म्हणाली.

दुपारी तिनं वस्तरा परत दगडावर घेतला. बिघडलेली धार तिला बघवायची नाही, काय करणार. चामोटी केली, पांढरा केस टेकवला, पडला. मंगळवारी सकाळी परत पेल्याच्या काठावरून एकदा. असं सुरू झालं. रोज दुपारी ती जगातली उत्तम धार करायची आणि रोज सकाळी तिचा जीव घ्यायची. माणसं वाईट असतात तेव्हा ती आळशीच असतात असं नाही. कधी कधी फार मेहनती असतात.

रविवारची दाढी ती मुद्दाम दहाला, मित्रांच्या देखत करू लागली. "कशी आहे हो धार?" विचारायची. वस्तादांच्या गालाची कातडी ताणलेली असायची, हनुवटी थरथरायची.

"एक नंबर," ते म्हणायचे.

"डोळ्यांत पाणी कशानं?" शिंपीबुवा विचारायचे.

"साबण गेला."

लागतंय म्हणावं तर धार वाईट आहे असं होतं, आणि धार तर त्यांची होती. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात ते रोज सकाळी उतरत होते, आणि वस्तादीण वरून माती सारत होती. देवासमोर हात जोडताना तिला याची लाज वाटायची का? वाटायची. तरी सकाळी पेला हातात आला की लाज पलीकडच्या खोलीत राहायची.

चार महिने गेले. एका सकाळी घरात कुणी नव्हतं. पंचा बांधत असताना वस्तादांनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. "आज नको ना काठावरून ओढूस," ते म्हणाले. त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं तर.

"मला काय कळतंय," ती म्हणाली. "मी पाणी आणून देते."

"अगं, सोड आता. नीट लाव."

"रविवारी सांगा. दोघांसमोर. तीन शब्द."

त्यांनी मनगट सोडलं. तिनं पेल्याच्या काठावरून वस्तरा एकदा ओढला, त्यांच्या देखत, सावकाश. त्या रविवारी ते बोलले नाहीत. पुढच्याही नाही. मग गळ्यावर फोड आले. कॉलर लागली तरी ते विव्हळायचे.

आणि तिसऱ्या रविवारी बोलले.

मित्र नुकतेच बसले होते. फेस झाला होता. वस्तादिणीनं सवयीनं वस्तरा काठावरून ओढला, गालाला टेकवला, आणि विचारलं, "कशी आहे हो धार?"

"मास्तर," वस्ताद म्हणाले, "धार हिची आहे."

तिचा हात थांबला.

"आजची नाही. सगळी. दुकानातली. पहिल्यापासून. मी कधीच लावली नाही. मला येत नाही." शब्द जडपणे येत होते, पण एकूण एक कळत होते. "हिच्या बापानं हिला शिकवलं."

वस्तादिणीनं वस्तरा खाली ठेवला. मग हेडमास्तर हसले. प्रेमानंच हसले.

"आजारपणानं माणूस मोठ्या मनाचा होतो बघा. सगळं श्रेय बायकोला!"

"अहो खरंच," वस्ताद म्हणाले.

"बघू तरी," म्हणत शिंपीबुवांनी वस्तरा उचलला. आयुष्य कात्रीवर गेलेला माणूस तो. बाही वर केली आणि आपल्या हातावरून पातं फिरवलं. लव वाकली आणि परत उभी राहिली. परत फिरवलं, परत तेच. त्यांनी मान वर केली, आणि त्यांना हसू आवरेना. "वस्ताद, ही धार वहिनींची असेल तर मला शंभर टक्के पटलं! अहो, यानं लोणी कापायचं!"

हेडमास्तरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. दुकानातून नाश्त्याला आलेला मुलगा आतून बाहेर आला, काय झालं विचारू लागला. सांगितल्यावर तोही हसला. "आई वस्तरे पुसायची. मी बघायचो ना लहानपणी. पुसून ठेवायची नुसती."

"थांबा," वस्तादीण म्हणाली. "तासभर थांबा. आत्ता लावून दाखवते."

"राहू द्या हो वहिनी, कशाला त्रास? चहा टाका."

"हा वस्तरा मीच..." ती म्हणाली आणि थांबली. मीच काय? मीच बिघडवला? मीच रोज बिघडवते, लुळ्या माणसाचा गाल सोलायला? चार महिने, तुमच्या देखत? ते वाक्य पुरं करायला जीभ धजली नाही. तिनं बाही वर करायला हात नेला, रेघा दाखवायला. मग वाटलं, यांना काय दिसणार. म्हणतील, बाईचा हात, वस्तरा पुसताना लागलं असेल.

हसणारे हसत होते. तिनं वस्तादांकडे बघितलं. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली होती. तेही हसत होते.

तिनं चहा टाकला.

दुपारी घर शांत झाल्यावर ती पायरीवर बसली. काळा दगड ओला केला. त्या दिवशी देवाचं नाव घेतलं की नाही, तिला आठवत नाही. धार नेहमीपेक्षा चांगली झाली. चामोटी झाल्यावर ती वस्तरा घेऊन आत आली. वस्ताद खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"बोललो की नाही मी?" ते म्हणाले. "आता नीट करशील?"

"करीन," ती म्हणाली. "आधी तपासायला हवी. माझ्या हातावर लव उरली नाही."

तिनं त्यांचा उजवा हात उचलला, मांडीवर घेतला आणि बाही वर केली. पांढरी, मऊ लव होती. पातं फिरलं तशी ती अलगद उडाली, मनगटापासून कोपरापर्यंत. लहान मुलाच्या हातासारखा हात झाला. कुठे अडखळायचं नाव नाही. तरी परत मनगटाजवळ येऊन तिनं पातं तिरकं केलं. एवढंच, जरासं. बारीक लाल रेघ उमटली आणि हळूहळू भरत गेली.

तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"झाली का तपासून?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"कशी आहे?"

तिनं रेघ अंगठ्यानं पुसली. ती परत भरली. त्यांना काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं.

"एक नंबर," ती म्हणाली, आणि वस्तरा मिटला.